कस कळतो, उगम कळत नाही

नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे ती कुठल्या मातीत पिकली याला आता कायद्याने मान आहे. दुसरीकडची मिरची कोणी भिवापुरी म्हणून विकली, तर इथल्या शेतकऱ्याला दाद मागता येते. काही शे रुपये किलोच्या मालाच्या बाबतीत आपण इथवर आलो आहोत. त्याच भिवापुरात लग्न ठरले की नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यातून डोरले येते, एकदाणी येते, गोफ येतो. सोन्याने २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा गाठला. घरात येणारी ही सर्वांत महाग वस्तू. तिच्यावर मानक ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह असते, २२ कॅरेटचा ९१६ हा आकडा असतो आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक असतो. ते सोने कुठल्या देशातून आले, कोणत्या डोंगरातून वा नदीतून निघाले, खणणाऱ्याच्या हाती काय पडले, याचा मात्र एका अक्षराचाही उल्लेख नसतो.

माझे म्हणणे असे की ही उणीव किरकोळ नाही. सोन्याच्या व्यवहारात विश्वासाची जी व्यवस्था आपण उभी केली, ती सगळी घेणाऱ्याच्या बाजूची आहे. काढणाऱ्याला तिच्यात जागाच नाही. ती जागा त्याला मिळत नाही तोवर सोन्याला शुद्ध म्हणणे अपुरे आहे.

आधी हॉलमार्कचे श्रेय मान्य केले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या खेड्यातल्या बाईने सराफाच्या शब्दावर सोने घेतले आणि अडचणीच्या वेळी मोडायला नेल्यावर त्यात किती घट धरतात ते पाहिले. पैसे २२ कॅरेटचे मोजायचे आणि हातात अठराचे यायचे, असे प्रकार सर्रास होत. भारतीय मानक ब्यूरोने सन २००० मध्ये सोन्याच्या हॉलमार्किंगची योजना सुरू केली. १६ जून २०२१ पासून ती पहिल्या टप्प्यात २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येईनासा झाला. सुरुवातीला सराफ व्यवसायातून विरोध झाला, संप झाले. आज तोच व्यवसाय हॉलमार्कची जाहिरात करतो. सक्ती झाली आणि गिऱ्हाईक विचारू लागले, म्हणून हा बदल झाला. आपोआप झाला नाही.

पण केवळ कसाचा आग्रह कुठे नेतो, हेही याच व्यवसायाने दाखवून दिले आहे. काही वर्षांपूर्वी दुकानात गेलेला माणूस हमखास विचारायचा, ‘केडीएम आहे ना?’ केडीएम म्हणजे कॅडमियम घातलेला डाक. जुन्या पद्धतीच्या डाकाने जोड दिला की दागिन्याचा एकूण कस उतरायचा. ९२ टक्के सोने आणि ८ टक्के कॅडमियम असा डाक वापरला की जोडाच्या ठिकाणीही कस टिकायचा. गिऱ्हाइकाचा फायदा झाला. मात्र डाक तापवताना निघणारी कॅडमियमची वाफ कारागिराच्या फुप्फुसात आणि मूत्रपिंडात जात होती. आपण शुद्धतेची खूण म्हणून जे मागत होतो, तेच कोंदट खोलीत बसलेल्या कारागिराला आजारी पाडत होते. पुढे कॅडमियम वर्ज्य झाले आणि जस्तासारखे दुसरे धातू डाकात आले. दागिना तितकाच शुद्ध राहिला. काढणाऱ्याचा आणि घडवणाऱ्याचा जीव वाचवायचा तर सोन्याच्या शुद्धतेवर पाणी सोडावे लागत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले.

कारागिराच्या मागे खाणकामगार आहे. जगात दीड ते दोन कोटी माणसे हाताने किंवा छोट्या यंत्रांनी सोने काढून पोट भरतात, असा अंदाज आहे. आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि आशियातल्या मिळून सत्तरहून अधिक देशांत हा व्यवसाय चालतो, आणि खाणीतून नव्याने निघणाऱ्या सोन्याचा सुमारे पाचवा हिस्सा या माणसांच्या हातून येतो. काम साधे आणि घातक आहे. दगड फोडायचा, दळायचा, त्यात पारा कालवायचा. पारा सोन्याचे बारीक कण धरून ठेवतो. मग तो गोळा तापवायचा. पारा वाफ होऊन उडतो आणि भांड्यात सोने उरते. अनेक ठिकाणी हे तापवणे राहत्या घरात, चुलीवरच होते, शेजारी मुले असतात. माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा, एक तृतीयांशाहून अधिक, या छोट्या सोनेखाणींचा आहे, हे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे मोजमाप आहे. उडालेला पारा नदीत उतरतो, माशात जातो आणि मासा खाणाऱ्या गर्भवतीच्या पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. पाऱ्याला आवर घालण्यासाठी मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, ऑगस्ट २०१७ मध्ये तो अमलात आला आणि २०१८ मध्ये भारतानेही त्याला मान्यता दिली.

एवढे करून या माणसाला मिळते काय? त्याच्याकडे पट्टा नसतो, म्हणून तो बेकायदा ठरतो. बेकायदा असल्याने बँक त्याला दारात उभे करत नाही. मग डिझेलला, पाऱ्याला, आठवड्याच्या किराण्याला पैसे देणारा दलालच त्याचे सोने घेतो आणि भावही तोच ठरवतो. सावकाराने बियाण्याला पैसे देऊन पीक आपल्याच अडतीवर आणायला लावण्याची रीत विदर्भातल्या शेतकऱ्याला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

हे दूरच्या देशांतले दुखणे आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध थेट आहे. २०२४ मध्ये भारताची सोन्याची मागणी सुमारे ८०० टन होती. देशातल्या खाणींतून वर्षाला दीड टनाच्या आसपास सोने निघते, तेही प्रामुख्याने कर्नाटकातल्या हट्टीच्या खाणीतून. कोलारच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. म्हणजे नवे सोने जवळजवळ सगळे बाहेरून येते. त्यातले बरेचसे स्वित्झर्लंड आणि संयुक्त अरब अमिरातीतून शुद्ध होऊन येते. आणखी काही डोरे म्हणून, म्हणजे खाणीजवळच ओतलेल्या अर्धशुद्ध लगडींच्या रूपात, घाना, पेरू, बोलिव्हिया अशा देशांतून येते आणि इथल्या शुद्धीकरण कारखान्यांत वितळते. हे तिन्ही देश छोट्या खाणकामगारांचे आहेत. घानात या खोदकामाने कोकोच्या बागा उजाडल्या आणि नद्या गढूळल्या. पेरूच्या माद्रे दे दियोस भागात अॅमेझॉनचे जंगल त्यापायी उघडे पडले. सोने एकदा मुशीत उतरले की चांगल्या खाणीचे आणि वाईट खाणीचे एकजीव होते. त्यानंतर दागिन्याकडे पाहून त्याचा उगम सांगणे सराफाच्या आवाक्यात राहत नाही. म्हणून उगमाची नोंद उगमापाशीच व्हावी लागते आणि वितळण्याच्या प्रत्येक टप्प्यावर ती पुढे न्यावी लागते.

आपल्या मातीतही हा माणूस आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सोनझारा या जमातीची नोंद आहे. संबळपूर, मंडला, बालाघाट आणि चांदा या जिल्ह्यांतल्या नद्यांची रेती धुऊन सोन्याचे कण काढणारी ही माणसे. जुना चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली. भिवापूर त्याच्या वेशीवर आहे. विदर्भात त्यांना सोनझारी म्हणतात आणि पश्चिम महाराष्ट्रात हेच काम झारेकरी करत आले. नदीतले सोने पोटाला पुरेनासे झाले, तसे हे लोक शहरांतल्या सराफ्यांकडे वळले. दुकाने उघडण्यापूर्वी रस्ता झाडायचा, गटारातला गाळ उपसायचा, कारागिरांच्या खोल्यांतली धूळ आणि राख विकत घ्यायची आणि ती थाळीत धुऊन त्यातून घासकाम-तासकामात उडालेले सोने वेगळे करायचे. तिथेही शेवटी पारा आणि तेजाबच लागते, आणि हाताशी मोजे नसतात, तोंडावर फडके असले तर असते. झारखंडात सुवर्णरेखेच्या काठी आदिवासी बाया आजही रेती धुतात आणि दिवसभराचा कण गावातल्या घेणाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने देतात.

यांच्यासाठी आपला कायदा काय म्हणतो? १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्यात शोधपरवाना आहे, खाणपट्टा आहे, २०१५ पासून लिलाव आहे. २०२३ च्या दुरुस्तीने खोलवरच्या आणि महत्त्वाच्या खनिजांसाठी खासगी कंपन्यांना शोधाचा नवा परवाना दिला आणि त्या यादीत सोनेही आहे. एवढ्या सगळ्यात हातात थाळी घेऊन नदीत उभ्या असलेल्या बाईचा विचार कुठेच केलेला नाही. शेकडो हेक्टरच्या लिलावात बोली लावणारी कंपनी कायदेशीर, आणि आजीकडून शिकलेले काम करणारी सोनझारीण कायद्याबाहेर. आपली नीतीची चर्चा इथून सुरू व्हायला हवी.

अशा वेळी दोन सोपे उपाय सुचवले जातात आणि दोन्ही अपुरे आहेत. पहिला उपाय बहिष्काराचा: जिथे पारा आहे, मारामारी आहे, तिथले सोने घेऊच नये. २०१० मध्ये अमेरिकेने डॉड-फ्रँक कायद्याच्या एका कलमाने कांगो आणि शेजारच्या देशांतल्या सोने, कथील, टंगस्टन, टँटलम यांच्या उगमाची माहिती कंपन्यांना उघड करायला लावली. खनिजांच्या पैशावर पोसणाऱ्या सशस्त्र टोळ्यांना रोखण्याचा हेतू चांगला होता. पण कागदपत्रांची कटकट नको म्हणून अनेक खरेदीदारांनी त्या भागाकडे पाठच फिरवली. बंदूकवाल्यांनी दुसरे मार्ग शोधले आणि प्रामाणिक खाणकामगाराच्या घरची चूल थंडावली. गरिबाच्या मालाला अस्पृश्य ठरवून आपले हात स्वच्छ राहतात, त्याचे दारिद्र्य मात्र हटत नाही.

दुसरा उपाय जुन्या सोन्याचा. भारतातल्या घराघरांत मिळून सुमारे २५ हजार टन सोने असल्याचा अंदाज नेहमी दिला जातो. तेच मोडून पुन्हा घडवा, नवे काढूच नका, असे म्हणतात. आपल्याकडे आजीची पाटली मोडून नातीचे डोरले करण्याची रीत आहेच, आणि ती चांगली आहे. पण जगाच्या बाजारात जुने सोने या नावाखाली बरेच काही खपते. चोरट्या मार्गाने आलेली लगड एकदा वितळवून ओबडधोबड दागिन्यासारखी ओतली की तिला मोडीचा दाखला मिळतो. आणि समजा सगळे सोने खरेच जुने झाले, तरी त्या दीड-दोन कोटी माणसांनी काय खायचे, याचे उत्तर त्यात नाही.

मग मार्ग कोणता? त्यांना व्यवहारातून बाहेर काढायचे नाही, सन्मानाने आत घ्यायचे. हे जमते, असे दाखले आहेत. कोलंबियाच्या चोको प्रांतात आफ्रिकी वंशाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या लाकडी थाळीने रेती धुतात. तिथे ओरो वेर्दे या उपक्रमाने पाऱ्याला पूर्ण फाटा दिला. सोन्याचे बारीक कण वेगळे करायला तिथले लोक झाडपाल्याच्या रसाचा फेस वापरतात आणि खोदलेली जमीन पुन्हा भरून घेतात. फेअरमाइन्ड आणि फेअरट्रेड ही सोन्याची प्रमाणपत्रे याच विचारातून पुढे आली. संघटित छोट्या खाणकामगारांना आंतरराष्ट्रीय भावाशी बांधलेला किमान भाव मिळतो, आणि वर शाळा, पाणी, सुरक्षेची साधने यांसाठी अधिक रक्कम मिळते. फेअरमाइन्डमध्ये ही जादा रक्कम किलोमागे ४,००० डॉलर आहे, फेअरट्रेडमध्ये २,०००.

ही किंमत कोण मोजणार, असा प्रश्न येतोच. हिशेब करू. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ४,००० डॉलर म्हणजे ३,४०,००० रुपये किलोला, म्हणजे दहा ग्रॅमला ३,४००. एक लाखाच्या सोन्यावर साडेतीन टक्क्यांहूनही कमी. वस्तू व सेवा कर तीन टक्के आहे आणि घडणावळ बऱ्याचदा दहा टक्क्यांच्या पुढे जाते. नक्षीसाठी आपण जेवढे मोजतो, त्याच्या तिसऱ्या भागात सोने काढणाऱ्या घरातल्या मुलाची शाळा चालते. हे परवडत नाही असे म्हणणे खरे नाही. ते कोणी मागितलेले नाही, एवढेच खरे आहे.

हक्क मिळाला की भाव मिळतो, हे तर विदर्भानेच देशाला दाखवले. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तोवर त्याच बांबूसाठी गावकऱ्यावर गुन्हा होऊ शकत होता. त्यानंतर गाव स्वतः बांबू विकू लागले आणि पैसा ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागला. जंगल तेच, बांबू तोच, तोडणारे हातही तेच होते. हक्काचा कागद आल्यावर मालाचा मालक बदलला. सोनझारी आणि झारेकऱ्यांच्या सहकारी संस्थांना रेती आणि सराफ्यातला गाळ धुण्याचा नोंदणीकृत हक्क, पारा बंद करणारी वा निदान त्याची वाफ कोंडून परत मिळवणारी साधी भांडी आणि सरकारमान्य शुद्धीकरण कारखान्याला थेट विक्री, एवढे दिले तर भारतातले पहिले न्याय्य सोने नागपुरातच मिळू शकेल.

आता भिवापूरच्या जमिनीकडे येऊ. भिवापूर, उमरेड, कुही हा पट्टा साकोली गटाच्या प्राचीन खडकांचा आहे. भूवैज्ञानिकांनी इथे कोलारी भागात जस्त, कुही-खोबणा भागात टंगस्टन आणि परसोडीच्या आसपास तांबे व सोने यांचे अंश नोंदवले आहेत. अंश सापडणे आणि खाण निघणे यांत मोठे अंतर असते. पण सोन्याचा भाव चढला की कालची निरुपयोगी शीर आज परवडू लागते. शोधाचे दार कंपन्यांना खुले झालेले आहे, आणि देशाच्या खाण ब्यूरोचे मुख्यालय इथून काही तासांवर नागपुरातच आहे. तेव्हा प्रश्न आधी विचारून ठेवलेले बरे.

एका टन खडकात दोन ग्रॅम सोने असेल, तर दहा ग्रॅमच्या डोरल्यासाठी किमान पाच टन खडक फोडून दळावा लागतो. बारीक पीठ मागे राहते. मोठ्या खाणीत पाऱ्याऐवजी सायनाइड असते. कोलारमध्ये खाण बंद होऊन दोन तपे उलटली, तरी त्या पिठाचे डोंगर गावाशेजारी उभे आहेत आणि वाऱ्यावर धूळ उडते. या तालुक्याच्या परिसराने असे पुष्कळ सोसले आहे. उमरेडला कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि कुही-भिवापूरकडची कितीतरी गावे पुनर्वसनाच्या फेऱ्यात अडकली. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य लागूनच आहे. इथल्या शेतकऱ्याला कोळसा, पाणी आणि वाघ या तिघांसाठी सरकण्याचा अनुभव आहे. उद्या सोन्यासाठी त्याने पुन्हा सरकायचे, तर त्याच्या वाट्याला काय?

आजच्या नियमांत सोन्याची रॉयल्टी भावाच्या चार टक्के आहे आणि लिलावाने दिलेल्या खाणीतून रॉयल्टीच्या दहा टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानाला जाते. म्हणजे एक लाखाच्या सोन्यामागे खाणग्रस्त भागासाठी चारशे रुपये. फेअरमाइन्डचा खाणकामगार त्याच सोन्यामागे ३,४०० रुपये गावाकडे नेतो. छत्तीसगडात सोनाखानजवळच्या बाघमाराचा लिलाव फेब्रुवारी २०१६ मध्ये झाला. लिलावाने दिलेली ही देशातली पहिली सोनेखाण. तो प्रदेश १८५७ मध्ये फाशी गेलेल्या वीर नारायण सिंहांचा. तिथल्या गावांतून खाणीला विरोध उमटला, कारण लिलाव आधी होतो आणि गावाशी बोलणे नंतर. हा क्रम उलटायला हवा. पाणी कुठून घेणार, सायनाइडचा गाळ कुठे साठवणार, खाण संपल्यावर जमीन कोण पूर्ववत करणार, हे ग्रामसभेपुढे मराठीत मांडून तिची मान्यता मिळाल्याशिवाय बोली लागू नये. ही अट खाणविरोधाची नाही. पाच टन खडक ज्याच्या विहिरीशेजारी दळला जाणार, त्याला नाही म्हणण्याचा हक्क असल्याशिवाय त्याच्या होकाराला अर्थ येत नाही.

राहिला आपला, घेणाऱ्यांचा वाटा. मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अॅपवर एचयूआयडी टाकला की दागिना कोणत्या नोंदणीकृत सराफाचा, कोणत्या केंद्रात तपासला आणि किती कसाचा, हे दिसते. म्हणजे प्रत्येक दागिन्यामागे नोंद ठेवणारी यंत्रणा आहेच. तिला मागे, शुद्धीकरण कारखान्यापर्यंत आणि तिथून उगमाच्या देशापर्यंत जोडायचे आहे. हे काम एका दिवसात होणार नाही, कारण मोड, मिसळ आणि तस्करी या तिन्हींमुळे साखळी जागोजागी तुटते. पण सुरुवात डोरेच्या आयातीपासून करता येईल. कारखान्यांना खाण जाहीर करणे सक्तीचे करा, मोडीचे सोने वेगळ्या नोंदीत ठेवा आणि नोंद नसेल तिथे ‘उगम अज्ञात’ असे स्पष्ट छापा. हे दोन शब्द दागिन्याच्या माहितीत दिसू लागले की गिऱ्हाईक प्रश्न विचारेल, आणि गिऱ्हाईक विचारू लागले की सराफ वरच्या व्यापाऱ्याला विचारेल. कसाच्या बाबतीत हेच झाले.

आपल्या समाजात सोन्याला मंगल मानतात. मुलीच्या गळ्यात ते पडते, देवाच्या अंगावर चढते, संकटात घर तारते. त्या मांगल्याची जबाबदारी केवळ सराफाची नाही आणि सरकारचीही नाही. खरेदी करणाऱ्या आईबापांनी दुकानात कसाबरोबर उगम विचारावा, सराफ संघटनांनी तो सांगण्याची तयारी ठेवावी, राज्य सरकारने सोनझाऱ्यांच्या कामाला कायदेशीर मान्यता द्यावी आणि भिवापूरच्या ग्रामसभांनी खाणीच्या अटी लिलावापूर्वी लिहून काढाव्यात. ९१६ हा आकडा आपल्याला फसवणुकीपासून वाचवतो. ज्याच्या घामातून तो आकडा आला, त्याची फसवणूक थांबेल तेव्हाच तो खऱ्या अर्थाने शुद्धतेचा आकडा होईल.